कुआंगचा बांध

तीन बाजूंनी तीस-तीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले, तरी चौथ्या बाजूचं कमळकाकडीचं पाणी तेवढं शिल्लक होतं. अर्धं लानयिंगचं, अर्धं शेजारच्या म्हाताऱ्या कुआंगचं. गावात सगळे त्याला तळंच म्हणत आणि नेमकं तेच अंगाशी आलं. दहा वर्षांपूर्वी मोजणीवाल्याने "हे काय?" विचारलं, तेव्हा लानयिंगनेच सांगितलं होतं, "तळं." त्याने तळं लिहिलं. भातखाचर लिहिलं असतं तर सरकारने ते राखीव शेतात धरलं असतं आणि कुणी बोटसुद्धा लावलं नसतं. तळं मात्र बुजवता येतं. नव्या वर्षात या तळ्याचा वाहनतळ होणार होता.

आज फेरमोजणी होती. यान नावाची मुलगी कार्यालयातून आली होती आणि ती बिचारी ऐकून घेणारी होती.

"आजी, पाण्यात पीक घेतलं तरी ते शेतच. पण कमळ काय, तळ्यातही येतं. हे शेत होतं याची काहीतरी खूण दाखवा."

"आम्ही इथे भात लावायचो, पोरी. सोडून वीस वर्षं झाली."

"ते मी लिहू कशाच्या आधारावर?"

नवरा गेला, भात गेला, कागद तर कधी नव्हतेच. पुढच्या हिवाळ्यात कमळकाकडी काढायला हात कुठल्या चिखलात घालायचे, हेच लानयिंगला कळेना.

पलीकडून कुआंग खाकरला. "काय गं, दर हिवाळ्यात तुझी नडगी फुटते. कशाने फुटते ते सांग की तिला."

दोघांत सरळ बोलणं नव्हतं. भात सोडून कमळ लावलं तेव्हा सगळ्यांनी बांध फोडले होते. या दोघांमधला बांध मात्र कुआंगने फोडू दिला नाही. हद्द म्हणजे हद्द, म्हणाला. बांध चिखलाखाली गेला. तेव्हापासून काकडी काढताना लानयिंग त्याला अडखळायची आणि कुआंगच्या सात पिढ्या उद्धरायची.

"अगंबाई, बांध," ती म्हणाली आणि कपड्यांसकट पाण्यात उतरली.

यानही उंच बूट चढवून मागोमाग आली. पायाने चाचपत दोघी चाळीस पावलं गेल्या. बांध सुतासारखा सरळ होता. टोकाला खाचरातलं पाणी सोडायचं तोंड, दोन दगड लावलेलं, अजून जागच्या जागी होतं.

"तळ्यात असा बांध कोण घालतं?" यान हसली. तिने दगडांचे फोटो काढले आणि काठावर बसून लिहिलं: भातखाचर.

संध्याकाळी लानयिंग डुकराच्या बरगड्या घालून केलेलं कमळकाकडीचं सूप घेऊन कुआंगच्या दारात उभी राहिली.

"वीस वर्षं शिव्या दिल्या तुला."

"ऐकू यायच्या. माझे कान चांगले आहेत."

"तुझे फार उपकार झाले, कुआंग."

"उपकार कसले? अडेलतट्टूपणा होता तो." त्याने झाकण काढून आत पाहिलं. "मीठ कमी घातलंयस ना? मागे खारट व्हायचं."

दुसऱ्या दिवशी काकडी काढताना तिची नडगी पुन्हा बांधावर आपटली. सवयीने शिवी ओठांवर आली. ती तिने गिळली, वाकून बांध चाचपला आणि जिथे खचला होता तिथे ओंजळभर चिखल लावून थोपटला.