आंघोळ न घातलेला लसूण

भिंगरीने मागच्या वर्षी लसणाला आंघोळ घातली होती. गच्चीवरच्या कुंड्यांतून काढलेले मातीने माखलेले गड्डे तिला बघवेनात, म्हणून तिने ते धुऊन लख्ख केले आणि ओलेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. पुढे डबा उघडला तेव्हा साऱ्या घराने नाक धरलं. लावायला एक पाकळीसुद्धा उरली नाही, बियाणं विकत आणावं लागलं. तेव्हापासून दादा येता-जाता विचारायचा, "काय गं, आज कोणाची आंघोळ?"

यंदाही आजोबांनी लसूण तिच्याच हाती सोपवला. अट एकच: लावणीपर्यंत बियाण्याचे गड्डे टिकले, तर कठड्याजवळची भरपूर उन्हाची लांब कुंडी तिची. नाहीतर दादाची, त्याला तिथे मिरच्या लावायच्या होत्या.

भिंगरीने माती नुसती हाताने झटकली आणि जिन्याखालच्या सावलीत, वारा खेळेल असे गड्डे पसरले. घरभर माती झाली म्हणून आई करवादली, पण पठ्ठीने पाण्याला हात लावला नाही. पात वाळत आली तशा तिने दोन जाती वेगळ्या केल्या. बारीक पाकळ्यांच्या लसणाची पात मऊ. तिची छान वेणी घालून तिने खुंटीला टांगली. मोठ्या पाकळ्यांचा मात्र ताठ दांड्याचा, काही केल्या वळेना.

"अगं, काठीची कधी वेणी होते का?" आजोबा हसले. हा फार दिवस टिकत नाही, आधी हाच खायचा, पण यातले थोरले गड्डे लावायला राखायचे, असं त्यांनी समजावलं. मग काय, आईचा हात थोरल्या गड्ड्याकडे गेला रे गेला की भिंगरी आडवी. आईला बारक्यांवरच भागवावं लागलं.

लावणीच्या सकाळी सगळे जिन्याखाली जमले. भिंगरीने एक थोरला गड्डा फोडला. पाकळ्या टणक, टपोऱ्या. दुसरा फोडला, तोही तसाच. वेणीतलेही सगळे ठणठणीत. आजोबांनी आपलं खुरपं तिच्या हातात दिलं.

दादा कुंडीशी घुटमळला. "मला पण चार पाकळ्या दे की."

तिने दिल्या. त्याने पहिलीच उलटी खोचली. भिंगरीने ती काढून नीट लावली.

"टोक वर, दादा," ती ऐटीत म्हणाली. "आणि पाणी बेताने. आंघोळ घालायची नाही."