शेगडीचं झाकण

सोनियाने शाळेत बढाई मारली आणि ती निस्तरायची पाळी तिच्या आईवर, शीलावर आली. झालं असं, की डबा खाताना ज्ञानेश्वरी म्हणाली, आमच्याकडे रविवारी पिझ्झा मागवतात. त्यावर सोनियाबाईंनी ठोकून दिलं, "मागवायचा कशाला? आमच्याकडे घरीच करतात, कोळशावर." लागलीच वर्गातल्या पाच मुलींनी तिच्या वाढदिवसाला यायचं नक्की करून टाकलं. त्यांना बोलावलं कुणी, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

बढाई अगदीच हवेतली नव्हती. शीलाचा नवरा शिवशंकर वाळूजला कंपनीत कामाला. तिथले एक साहेब बदली होऊन गेले, तेव्हा जड सामान वाटून टाकता टाकता त्यांनी याच्या गळ्यात एक झाकणाची शेगडी मारली. तीन पायांवर उभं काळं गोल भांडं, त्यावर जाळी आणि जाळीवर तसंच गोल, खोलगट झाकण. "बार्बेक्यू म्हणतेत ह्याला," असं शिवशंकरने घरात सांगितलं आणि मागच्या भिंतीशी नेऊन ठेवली. तिथे ती पडून राहिली.

झाकण मात्र पडून राहिलं नाही. शहरालगतच्या सातारा परिसराच्या पार टोकाला, जिथे काल-परवापर्यंत ज्वारी उभी असायची आणि आता प्लॉटच्या खुणांचे दगड उभे आहेत, तिथे यांचं दोन खोल्यांचं घर. नळ अजून यायचाय, टँकर येतो. गावाकडच्या, पिशोरच्या विहिरी आटल्या तेव्हा शिवशंकरची आई साळूबाई इथे राहायला आली. जन्मभर मेंढरं राखलेली बाई. कळप विकला, पण दोन मेंढ्या काही तिने सोडल्या नाहीत. टेम्पोत आपल्याशेजारी बसवून घेऊन आली. त्यांना पाणी पाजायला भांडं हवं होतं. साळूबाईने शेगडीचं झाकण उलटं केलं, चार विटांच्या मध्ये बसवलं आणि तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी त्यात ओतायला लागली. मेंढ्या खूश. शीलालाही ते बघून हसू आलं होतं.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी सोनिया आईच्या मागेपुढे घोटाळायला लागली.

"आई, त्या दिवशी आजी मागं बसंल का? मेंढ्यांपाशी?"

"का गं?"

"तसंच. मुली येणार ना."

शीलाला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. नवी शाळा, तिथल्या मुली पहिल्यांदाच घरी येणार. "बघू," एवढंच ती म्हणाली, आणि त्या 'बघू'ची तिला दिवसभर लाज वाटत राहिली. सासूला हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

सांगावं लागलंच नाही. रविवारी ऊन कललं तशी साळूबाईने बसायचं पोतं उचललं. "मी मागं बसते गं. पोरींचा गलका झाला का मेंढरं बुजतेत."

मेंढ्या कसल्या बुजतात! टँकरच्या भोंग्यालाही त्या मान वळवत नसत. दोन खोल्यांच्या घरात हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं, दुसरं काय.

"आत्याबाई, असू द्या. पुढंच बसा तुम्ही," शीला म्हणाली.

"नाय गं. पोरीचा दिस हाय," म्हणत म्हातारी घरामागे गेली.

त्यामुळेच झाकण मागायला तिची जीभ रेटेना. सासूला मागे बसवलं ते बसवलं, वर तिच्या मेंढ्यांचं पाणीही काढून घ्यायचं? जून अर्धा सरला तरी ऊन हटत नव्हतं. शेजारी बांधकाम चालू होतं. तिथून तिने एक घमेलं मागून आणलं आणि घासून लखलखीत केलं. झाकल्याशी कारण, असं मनाला समजावलं.

मुली आल्या. अंगणातल्या चटईवर बसल्या. इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळसा चांगला फुलला होता, दही घालून मळलेला मैदा सकाळपासून फुगत होता. शीलाने जाड पोळी जाळीवर टाकली, टोमॅटोची चटणी पसरली, कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे घातले, वर चीज किसलं आणि घमेलं पालथं घातलं. बांधकामावर मार खाऊन त्याचा काठ वाकडा झालेला. सगळी धग फटीतून बाहेर. थोड्या वेळाने उघडून पाहिलं तर खालून पार कोळसा, वरचं चीज किसलं तसंच्या तसं.

मुली शहाण्या, कुणी हसलं नाही. "काकू, आम्हाला चालेल," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. सोनियाने मान खाली घातली.

करपल्याचा वास घरामागे गेला आणि साळूबाई पुढे आली. झाकणातलं पाणी बादलीत काढून, राखेने घासून, तांब्याभर पाण्याने विसळून ते तिने दोन्ही हातांत धरलं होतं.

"हे घे. ज्याचं झाकण त्यालाच बसंल. मला आदीच सांगायचं नाय का?"

एवढ्यावर भागलं असतं. पण मेंढ्यांना इतकंच ठाऊक, की हे काळं भांडं जिथे, तिथे आपलं पाणी. दोघी तिच्या मागोमाग अंगणात शिरल्या, चटईवरून चालत गेल्या, आणि एकीने ज्ञानेश्वरीने तोंडात टाकायला घेतलेले मक्याचे दाणे तिच्या हातातूनच फस्त केले. मुली आधी किंचाळल्या, मग हसत सुटल्या.

"कुणाच्या गं या? आणि या आजी कोण?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

सोनियाची नजर चटईवर खिळली होती. म्हातारीने क्षणभर नातीकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "मी मेंढरं राखती, बाई. हितं कामाला हाय."

धरणीने पोटात घ्यावं असं शीलाला झालं. बोलायला तिने तोंड उघडलं, पण तिच्याआधी सोनिया उठून उभी राहिली.

"खोटं बोलतीय ती," सोनिया म्हणाली. शाळेसाठी घासूनपुसून ठेवलेली तिची भाषा कुठल्या कुठे गेली. "आजी हाय माझी. पप्पांची आई. मेंढ्याबी तिच्याच हायेत."

"घरात मेंढ्या?" ज्ञानेश्वरीला हेवा लपवता येईना. "आम्हाला तर कुत्रंपण पाळू देत नाहीत."

शीलाचा जीव भांड्यात पडला. घमेलं मेंढ्यांच्या वाट्याला गेलं, बादलीतलं पाणी त्यात ओतलं. हे आधीच कसं सुचलं नाही, ते शीलाला अजून कळलेलं नाही. शेगडीवर झाकण चपखल बसलं, आणि या खेपेला ते उचललं तेव्हा चीज वितळून सोनेरी झालं होतं, कडा टम्म फुगून कडक झाल्या होत्या.

सोनियाने आजीला ओढून चटईवर आपल्याजवळ बसवलं.

"मला नगं गं. दात कुठं हायेत मला," साळूबाई म्हणाली.

सोनियाने आपल्या तुकड्याची कड तोडून बाजूला काढली, मधला मऊ भाग फुंकून निववला आणि आजीच्या हातात ठेवला. दुसऱ्या तुकड्याचंही तेच केलं.

"तुला नुसत्या कडाच उरल्या की," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"मला कडाच आवडतात," सोनिया भरल्या तोंडाने म्हणाली.

पोळीचीसुद्धा कड ही पोरगी कधी खात नसे. रोज ताटात सोडायची आणि रोज बोलणी खायची. आज ती एकामागून एक कड चावत होती, आणि आजीच्या हातातला घास संपायच्या आत पुढचा मऊ तुकडा तोडून तयार ठेवत होती.