राईच्या ओढ्यावरचा साकव

मित्रांनो, टोकावड्याहून माळशेज घाटाकडे जाताना डाव्या हाताला एक पायवाट फुटते. त्या वाटेने थोडे चाललात की ओढा लागतो. त्या ओढ्यावर आडवा पडलेला जुना लाकडी साकव म्हणजे मी. माझ्या अलीकडे गाव आहे आणि पलीकडे गावाची राई.

ही राई कुणा एकाची नाही. साऱ्या गावाने मिळून हे रान राखले आहे. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, असा गावाचा नेम. १९५३ साली वादळात ऐनाची दोन मोठी झाडे मुळासकट पडली, तेव्हा कुठे बारकू सुताराला लाकूड मिळाले. त्याने त्यांचे सोट, म्हणजे सरळ लांब बुंधे, ओढ्यावर टाकले, वर आडव्या फळ्या ठोकल्या आणि माझा जन्म झाला. पहिल्याच दिवशी सारा गाव माझ्यावरून राईत फिरून आला. लोक बारकूची वाहवा करत होते. मला मात्र वाटत होते की ती माझीच चालली आहे.

राईची राखण यमूकडे होती. ती गावाबाहेरच्या वाडीत राहायची आणि एरवी दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरी करायची. तिचा डावा पाय लहानपणी मोडलेला. त्यामुळे तिचे एक पाऊल जड पडे, एक हलके. त्या चालीवरून मी तिला लांबूनच ओळखायचो. दर शनिवारी शाळेचे गुरुजी मुलांना घेऊन येत आणि यमू त्यांना राईत हिंडवी. शेकरूचे घरटे कुठे आहे, कोणते फळ खायचे, कोणत्या पानाने अंग खाजते, सारे ती सांगे. परतताना मुलांचे ओठ करवंदांनी जांभळे झालेले असत. माझी ती आठ वर्षे फार सुखाची होती.

१९६१च्या पावसाळ्यात माझी मधली रुंद फळी खालून कुजली. वरून ती धड दिसत होती. पण यमूने वाकून खालच्या बाजूला बोट लावले, तर भुसा हातात आला. तेवढ्यात गावचे पुढारी कमळू शेताकडे निघाले होते. तिने त्यांना हाक मारून माझ्यावर बोलावले.

"कमळूदादा, मधली फळी कुजली हाय. शनवारी पोरां येतात."

कमळूंनी फळीवर दोनदा पाय आपटला. मी ते सोसले.

"लावनी होऊ दे गो, मंग बघू," ते म्हणाले.

तिने आणखी दोनदा सांगितले. कमळू वाईट माणूस नव्हते. पण वाडीतल्या बाईचा शब्द गावात कुणी मोजत नसे.

श्रावणातल्या एका शनिवारी मुले राईत असताना घाटावर ढग फुटला. ओढा बघता बघता माझ्या सोटांना लागला. सारे धावत परत आले. यमू मधल्या फळीच्या राईकडच्या बाजूला घट्ट उभी राहिली आणि एकेका मुलाला काखेत धरून फळीवरून गावाकडच्या बाजूला ठेवू लागली. बावीस मुले होती. त्यांत कमळूंची रंगूही होती. शेवटी गुरुजी फळी ओलांडून गेले. मग यमू एकटीच उरली. लंगड्या पायाने तिला तेवढी लांब ढांग टाकता येईना. तिने फळीवर पाय ठेवला.

मी सारा जोर लावला, मित्रांनो. पण कुजलेल्या लाकडात जोर कुठला?

तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला, उंबराच्या मुळांत ती सापडली.

दहाव्या दिवशी भर दुपारी माझ्यावर पावले वाजली. एक जड, एक हलके. वर कुणीच नव्हते. पावले मधल्या खिंडारापाशी आली आणि थांबली. परत वळल्याचे मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. मग गुरे वळणाऱ्यांनीही ती ऐकली आणि साकव झपाटला म्हणून गावात बोभाटा झाला. शनिवारची सहल बंद पडली. वाट करवंदीने बुजली. तीन वर्षे माझ्यावर दुसऱ्या कुणाचे पाऊल पडले नाही. यमूची मला भीती वाटत नसे. लाज वाटे.

१९६४च्या उन्हाळ्यात कमळू दोन गडी आणि दोर घेऊन आले. मला ओढून काढायचे, म्हणजे बाधा जाईल, असे ठरले होते. यमूची लेक मंगळी किन्हवलीला दिली होती. तिला कुणीतरी कळवले होते. ती आली आणि सरळ माझ्यावर येऊन उभी राहिली.

"आयनं सांगितलेलं कोनी ऐकलं नाय, म्हनून ती गेली," ती म्हणाली. "साकव तोडून तुमी काय पुसनार?"

गड्यांनी दोर खाली ठेवला. कमळू काठावर बसले.

"तिनं तीनदा सांगितलं व्हतं," ते गड्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "मी पाय आपटला नि निंगून गेलो."

त्यांनी स्वतः जाऊन म्हाताऱ्या बारकूला हाताला धरून आणले. नवी फळी बसली. तिच्यावरून आधी कमळू गेले, मागून रंगू. गावाने मंगळीला राखणीला बोलावले. ती एका अटीवर आली: दर वैशाखात साऱ्या गावाने साकव तपासायचा आणि वाडीतल्या माणसांनी सांगितलेलेही त्याच दिवशी बघायचे.

आता शनिवारी मुले पुन्हा राईत जातात. तरी दुपारी ती पावले येतातच. नवी फळी आहे, पक्की आहे, पण यमू तिच्यापाशी थांबते. पुढे जात नाही. मी तिला काही सांगू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. वापरातली वस्तू खालून वाकूनही बघत जा. कुणी सांगितले की अमुक मोडायला आले आहे, तर सांगणारा कुठल्या घरचा ते विचारू नका. उठा आणि बघून या. माझी ती फळी बसवायला बारकूला एक दुपार पुरली.