तासाभराची नळी

राग माझ्या नाकावरच असतो. कुर्डुवाडीत आई म्हणायची, "पायलला सासरी नको, लष्करात धाडा." मी सोलापूरला यीस्टच्या पेशी वाढवत बसले. त्यांच्यावर ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून मी माणसांवर ओरडते.

माझं म्हणणं साधं आहे. एका पेशीच्या दोन होताना तिच्यातलं एक प्रथिन आधी मोडावं लागतं. ते मोडल्याशिवाय दोन्ही भाग सुटतच नाहीत. हे चार वर्षं म्हणतेय. सिद्ध करायचं तर पेशी अजून जोडलेल्या असतानाच प्रथिन गेलेलं दिसलं पाहिजे. ती वेळ येते औषधानं विभाजनाआधी थांबवलेल्या पेशी मोकळ्या केल्यावर तासाभरानं.

त्या बुधवारी शून्य वेळेची, म्हणजे पेशी मोकळ्या केल्या त्या क्षणाची, नळी मीच भरली आणि तेवढ्यात सिद्धनाथ सरांनी बोलावलं. ते माझे मार्गदर्शक. मी चंद्रव्वा मावशींना म्हटलं, "तासानं एक नळी भरा, वर एक लिहा आणि बर्फात ठेवा." मावशी आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस, अक्कलकोटकडच्या. काचसामान धुणं आणि निर्जंतुक करणं त्यांच्याकडे. पुढच्या नळ्या मी परत येऊन भरल्या.

तपासणीत प्रथिन असेल तिथं काळा पट्टा उमटतो. नळ्या काढल्या तर दोन नळ्यांवर शून्य, आणि एक आकड्याची नळीच नाही! दोन्ही शून्यं तपासली. एकीत ठसठशीत पट्टा, दुसरीत काहीच नाही.

"एकच वेळ, एकच फ्लास्क आणि उत्तरं दोन?" सर म्हणाले. "सोमवारपर्यंत नीट दाखव. नाहीतर विषय बदलू."

चार वर्षं पाण्यात! मी तडक मावशींना गाठलं. "एवढंसं काम होईना? नळी लगेच भरून चहाला गेलात ना?" आणखीही बरंच बोलले. मावशी खाली मान घालून फ्लास्क घासत राहिल्या.

शुक्रवारी निर्जंतुकीकरणाच्या वहीत सही करायला गेले. तारखेच्या जागी दोन शून्यं.

"मावशी, आज महिन्याची शून्य तारीख का?"

"अकरा हाय की ओ."

"अकरा कुठंय यात?"

"ह्यो एक, आन् ह्यो एक. कानडी शाळंत सातवी झाली न्हवं माजी. घाईत हात त्येच गिरवतोय."

मी नीट पाहिलं. शून्यच, फक्त खाली तोंड जरासं उघडं. हा कानडीतला एक! धावत जाऊन फ्रीजरमधली नळी काढली. तिच्यावरच्या शून्याचंही तोंड उघडं होतं. पट्टा नसलेली हीच ती नळी! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि चोर मीच.

"मावशी, त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी सांगितलं की."

मी माफी मागितली. सवय नसल्यानं तीही धड जमली नाही. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या. आता पुन्ना करायचं का?"

करायचंच होतं. एका नळीवर सर विश्वास ठेवणार नव्हते. शनिवारी सगळं नव्यानं मांडलं आणि तासाची नळी मुद्दाम मावशींकडूनच भरून घेतली. त्यातलाच एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांना दाखवला. पेशी दोन-दोन, एकमेकींना चिकटलेल्या.

"अगं अव्वा! ह्येंचीच भांडी घासती व्हय मी इतकी वर्सं?"

रविवारी दुपारी पट्टे उमटले. मावशी सुट्टी असून आल्या होत्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. शून्याला जाड पट्टा. शेजारी, तासाच्या जागी, स्वच्छ पांढरं. मी डोळे जवळ नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं.

मावशींचा चेहरा पडला. "हितं तर कायच न्हाय की ओ," त्या हळूच म्हणाल्या. "माजं पुन्ना चुकलं का?"

मी त्यांना घट्ट मिठी मारली.