ड्रोव्हर्स पीस विकल्यावर

पहिलं अंडं फुटलं ते मंगळवारी दुपारी, हेझल थॉरली भांडी विसळत असताना. काचेवर फट्कन आवाज झाला आणि बलक ओघळत खाली आला. ती दचकली, पण घाबरली नाही. गावच्या शाळेत सव्वीस वर्षं मुलांसाठी स्वयंपाक केलेली बाई. पोरांच्या खोड्या तिला नव्या नव्हत्या. तिने काच पुसली आणि विषय सोडून दिला.

पण आठवडाभरात आणखी चारदा अंडी पडली. मग कुंपणाच्या झुडपांवर कुणीतरी तणनाशक ओतलं आणि ती मुळापासून करपली. एकदा दाराला पत्रांसाठी ठेवलेल्या फटीतून कुत्र्याची घाण आत आली. त्यानंतर मात्र फाटक वाजलं की हेझल हातातलं काम टाकून दाराची कडी तपासू लागली.

ऑल्डरविकमध्ये कुणालाही विचारा, उत्तर एकच होतं: नव्या वस्तीतली पोरं. गावाला लागून बार्लीची शेतं होती, तिथे दोन वर्षांत तीनशे घरं उठली होती. डॉक्टरांची वेळ तीन-तीन आठवडे मिळेना, शाळेत मुलं मावेनात. बसथांब्यावर टोळकी बसायची, आणि वसंतात त्यांच्यातल्याच दोघांनी तो थांबा पेटवूनही दिला होता. हेझलने स्वतःच्या डोळ्यांनी तो जळका सांगाडा पाहिला होता. तिला शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

ती घरं उठण्यात तिचाही वाटा होता. नवरा केन गेल्यावर परसामागचं कुरण तिने बिल्डरला विकलं होतं. गुडघे धरलेल्या एकट्या बाईने त्या कुरणाचं काय करायचं? आता वस्तीतून येणारी पायवाट तिच्या परसाला घासून जायची, आणि पायवाटेवर पावलं वाजली की ती पडद्याआड उभी राहायची.

धीर द्यायला एक रॉडनी पिक होता. चाळीस वर्षांपासूनचा शेजारी, केनचा जिवलग दोस्त. त्याने दार धुऊन दिलं, परसदाराला नवी कडी बसवली. ही बाहेरून आलेली माणसं, त्यांना आपल्या गावाची काय चाड, असं तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. ती पायवाट बंद करायला लाव, ग्रामसभेत तूच बोल, तुझं ऐकतील, असंही त्याने सुचवलं. हेझलने काय बोलायचं ते कागदावर उतरवून काढलं.

मग एका सकाळी तिच्या चार कोंबड्यांपैकी एक खुराड्यासमोर मान मुरगळलेली सापडली. कोल्हा नव्हता, पीससुद्धा विस्कटलं नव्हतं. पोलिसांनी फोनवरच तक्रारीचा क्रमांक दिला आणि पुन्हा काही झालं तर कळवा म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी चिठ्ठी आली. एवढंच लिहिलेलं होतं: ‘ड्रोव्हर्स पीस विकलंस. आता राहा सुखाने.’

हेझलने ती दारातच उभ्याने वाचली, आणि पुन्हा वाचली. त्या कुरणाला आता सगळे पॉपी राइज म्हणत. पाट्यांवर तेच, नकाशावरही तेच. ड्रोव्हर्स पीस हे त्याचं जुनं नाव साठीच्या आतल्या कुणाला ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्या प्रत्येकाच्या घरी तिने चहा घेतला होता.

त्या दिवसापासून तिच्या भीतीचं तोंड फिरलं. अनोळखी पोरं दिसली की आता काही वाटेना. चर्चमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने हसून पाहिलं की ती प्रार्थनेच्या पुस्तकात मान घाले. चिठ्ठी तिने खणात ठेवली आणि कुणालाच सांगितलं नाही. रॉडनीलाही नाही. त्याला का नाही, हे तिने स्वतःला विचारायचं टाळलं.

गुरुवारी ती दवाखान्यात जायला निघाली, पण बसमध्येच फोन आला की आजची वेळ रद्द झाली. अकराच्या सुमारास ती परसदाराने घरात शिरली. कुलूप जसंच्या तसं होतं. ती कोट काढणार, तोच डोक्यावर, वरच्या खोलीत, फळी करकरली.

तिला हलता येईना. पावलं सावकाश जिना उतरली आणि स्वयंपाकघराच्या दारात रॉडनी उभा राहिला. अडीअडचणीला म्हणून केननेच त्याला पुढच्या दाराची किल्ली देऊन ठेवली होती. त्याच्या हातात केनची टोपी होती.

“तू बसने गेली होतीस ना?” त्याने विचारलं.

“तू वर काय करत होतास?”

“बॉयलर बघत होतो.”

बॉयलर तिथेच, खाली स्वयंपाकघरात होता, दोघांच्या बाजूच्या भिंतीवर. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

“केनने कधी विकलं नसतं,” रॉडनी म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नव्हता. “माझ्या खिडकीतून पार टेकडीपर्यंत दिसायचं. आता लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. तू एका सहीत गाव संपवलंस, हेझल.”

“कोंबडी तू मारलीस?”

त्याने टोपी नीट टेबलावर ठेवली. “ही तुझ्या उशीवर ठेवणार होतो. भीती वाटली की माणूस ताळ्यावर येतो. ती वाट बंद झाली की मी थांबणारच होतो.” मग त्याने खुर्ची ओढली. “चहा ठेव. बसून बोलू. बाहेर कुणाला सांगायची गरज नाही.”

त्या शेवटच्या वाक्याने तिचे पाय सुटले. ती मागच्या मागे दाराबाहेर पडली. गावाकडे गेली असती तर पहिलं घर त्याचंच होतं, खिडकीत त्याची बायको मर्ना. म्हणून ती पायवाटेने वस्तीत शिरली आणि समोर आलेलं पहिलं दार बडवलं.

इवोना नावाच्या बाईने दार उघडलं. भाजी पॅक करण्याच्या कारखान्यातली रात्रपाळी करून ती झोपायला निघाली होती. तिची मुलं आपल्या परसात चेंडू मारतात म्हणून हेझलने मागे तक्रार केली होती; बोलणं मात्र कधीच झालं नव्हतं. इवोनाने काही विचारलं नाही. तिला आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

“तुम्ही बसा,” ती म्हणाली. “मी दाराशी उभी राहते.”

हेझलने तिथूनच पोलिसांना फोन केला. रॉडनी आला नाही. पोलीस पोहोचले तेव्हा तो हेझलच्याच स्वयंपाकघरात बसला होता. त्याने सगळं कबूल केलं, आणि तिच्या घराजवळ फिरकायची त्याला बंदी झाली; पण राहायचा तर शेजारीच. उन्हाळ्यात पिक कुटुंब घर विकून मुलीकडे गेलं. जाण्याआधी मर्ना दुकानात हेझलला म्हणाली, “दोन घरांतली गोष्ट तू पोलिसात नेलीस. त्याचं वय तरी बघायचं होतंस.” जुन्या गावातल्या निम्म्या लोकांनी हेझलला टाळायला सुरुवात केली, ती आजतागायत.

कुलपं बदलली, तरी घरात शिरताना ती आधी उंबऱ्यावर थांबून वरचा कानोसा घेते. ऑगस्टमध्ये रॉडनीच्या घरात नवी माणसं आली. पहिल्या दिवशी ती पडद्यामागेच राहिली, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजून ती त्यांच्या फाटकाशी गेली. आत कुणीतरी यंत्राने गवत कापत होतं. ती हाक न मारता, यंत्र बंद होईपर्यंत, तिथेच उभी राहिली.