अठ्ठावीस मिलिमीटर

कारखान्यात सगळे त्याला मायक्रॉन म्हणत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तेवढ्या फरकासाठीसुद्धा तो नग नापास करायचा. बेअरिंगमध्ये बसणारे पोलादी रोलर त्याच्या टेबलावर येत. तो ते मोजायचा, भिंगाखाली फिरवायचा आणि जरा शंका आली की लाल खोक्यात टाकायचा. भट्टीवरच्या पैलवानाचं मत असं होतं की हा माणूस स्वतःच्या लग्नात बायकोचीही दोनदा तपासणी करून मगच हार घालायला तयार झाला असेल.

अशा माणसाला चौतिसाव्या वर्षी आंघोळ करताना उजव्या वृषणात एक टणक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती होती. दुसरा कुणी घाबरून डॉक्टरकडे धावला असता, नाहीतर चक्क विसरून गेला असता. याने कारखान्यातून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर घरी आणला.

तीन आठवडे हा उद्योग चालला. त्याची बायको शहराच्या तलावावर पोहायला शिकवायची. तिचा आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत जायचा. टॉवेलांच्या कप्प्यात तिला एक छोटी वही सापडली. वहीत तारखा होत्या आणि पुढे लिहिलं होतं: उजवा १९, उजवा २०.५, उजवा २२, डावा ठीक. कारखान्याचे आकडे टॉवेलांत कशाला, म्हणून तिने चहाच्या वेळी वही टेबलावर ठेवली. मायक्रॉन कानापर्यंत लाल झाला. मग कपाकडे बघत त्याने सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. एरवी पन्नास पोरांवर ओरडणारी बाई इतक्या हळू बोलली की त्याला पुढे वाकावं लागलं.

"तीन आठवडे तू मोजत बसलास? तलावात कुणी गटांगळ्या खायला लागला तर तो किती खोल गेलाय, ते मी मोजत बसते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सर्जनच्या दारात होती.

सर्जन बुटका, संथ आणि भलताच शांत माणूस होता. त्याने तपासलं, लगेच सोनोग्राफी करून घेतली, रक्त पाठवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की हा बहुतेक कॅन्सर आहे. इथे सुई टोचून तुकडा काढत नाहीत. जांघेतून छेद घेऊन आख्खं वृषण काढतात आणि मगच कॅन्सर कुठल्या जातीचा, कुठवर गेलेला, हे नीट कळतं. एका वृषणावर माणसाचं सगळं व्यवस्थित चालतं, मुलंही होतात. तरी खबरदारी म्हणून आधी वीर्य साठवून ठेवू, असंही तो म्हणाला. मग त्याचं लक्ष जांघेतल्या एका पांढऱ्या, जुन्या व्रणाकडे गेलं. हे कसलं, असं त्याने विचारलं. मायक्रॉन म्हणाला की दोन वर्षांचा असताना हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, आई सांगते. सर्जनने मान हलवली, आणि आईला एकदा नीट विचारून या, एवढंच म्हणाला.

आईला विचारायचं तर आधी काहीतरी सांगायला हवं. आई पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, सगळ्या गावाची बोलणी जोडून देऊन स्वतः मात्र मुठीतली गोष्ट मुठीत ठेवणारी. कॅन्सर हा शब्द तिच्या कानावर घालायचा नाही, असं त्याने ठरवलं. ती मटार सोलत बसली होती. त्याने अगदी सहज सांगितलं की आई, एक किरकोळ ऑपरेशन आहे, हर्नियाचं.

मटार सोलणारे हात थांबले.

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुला हर्निया नाही. खरं काय ते सांग."

"तुला कसं कळलं?"

"कारण लहानपणीसुद्धा नव्हता. तेव्हा मीच सगळ्यांना हर्निया म्हणून सांगितलं होतं."

मग ती बोलायला लागली ती थांबेचना. तो जन्मला तेव्हा उजवी गोटी खाली उतरलेलीच नव्हती, पोटातच अडकली होती. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती जागेवर आणून बसवली आणि मोठा झाल्यावर त्याला सांगा, असं बजावलं. पण सासरी कुणी पोराला हसायला नको म्हणून तिने हर्नियाची थाप मारली. पुढे आज सांगू, उद्या सांगू, मुंजीच्या वयात कसं सांगू, लग्नाच्या वयात तर कसं सांगू, असं करत बत्तीस वर्षं गेली. एक थाप तिने मारली होती आणि तीच थाप मुलगा तिच्याच तोंडावर मारत होता. हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. आधी आईला रडू आलं, मग त्याला हसू आलं, आणि त्याचं बघून तिलाही आवरेना. त्यानंतर मात्र त्याने कॅन्सर हा शब्द नीट उच्चारला, आणि तिने तो नीट ऐकला.

ऑपरेशनच्या दिवशी ती सर्जनसमोर जाऊन उभी राहिली आणि हे माझ्यामुळे झालं का, असं सरळ विचारलं. सर्जनने सांगितलं की न उतरलेल्या वृषणात हा आजार होण्याची शक्यता थोडी जास्त असते, पण ती आईच्या गप्प बसण्याने वाढत नाही. "उलट तेव्हा तुम्ही ते खाली आणलंत म्हणून आज ते त्याच्या हाताला लागलं. पोटातच राहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला असता?" त्या दिवशी ती दुपारचं पोटभर जेवली.

रिपोर्टला नऊ दिवस लागले. मायक्रॉनने तो कागद चारदा वाचला आणि थेट तळमजल्यावर, ज्यांनी तो लिहिला होता त्या पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे गेला. त्याची पहिली तक्रार मापाबद्दल होती. याने बावीस मिलिमीटर मोजलं होतं, कागदावर अठ्ठावीस होतं. असा पेशंट बाईंना नोकरीत प्रथमच भेटत होता. त्यांनी शांतपणे समजावलं की तुम्ही कातडीवरून मोजलंत, मी कापून मोजलं. सहा मिलिमीटर आत दडले होते. त्याने आकडा मान्य केला. मग किती ठिकाणचे काप तपासले ते विचारलं. उत्तर ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर व्यवसायबंधूबद्दलचा आदर उमटला. बाईंनी खुर्ची सरकवली आणि त्याला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं.

आत गुलाबी-जांभळं जग होतं. मोठमोठ्या, गोल, पारदर्शक पेशी, प्रत्येकीच्या मधोमध ठसठशीत केंद्रक, आणि त्यांच्या घोळक्यांमधून काळ्या मोहरीसारख्या बारीक पेशींच्या रांगा.

"मोठ्या दिसतात त्या आजाराच्या," बाई म्हणाल्या. "सेमिनोमा म्हणतात याला. बारीक दिसतात त्या तुमच्याच शरीराच्या, लढायला आलेल्या."

मग त्यांनी काच सरकवत एकेक जागा दाखवली. ही रक्तवाहिनी, रिकामी. हे वृषणातून बाहेर जाणाऱ्या नळ्यांचं जाळं, तिथेही शिरकाव नाही. ही कापाची कड, स्वच्छ. तो कितीतरी वेळ डोळा लावून बसला. ज्या गोष्टीने महिनाभर त्याची झोप उडवली होती तिचा आता त्याला रागही येत नव्हता. नग त्याच्याच अंगातला होता, पण नापास होता, आणि तो बरोबर नापास केला गेला होता.

सर्जनकडे मात्र त्याचं गाडं अडलं. स्कॅन स्वच्छ होता, रक्तातल्या खुणा ठीक होत्या, आजार पहिल्याच टप्प्यात होता. यापुढे औषध न देता नुसती नजर ठेवली तरी अशा शंभरांतल्या नव्वदांना तो पुन्हा दिसत नाही, असं सर्जनने सांगितलं. मायक्रॉन म्हणाला की आमच्याकडे शंभरात दहा नग बिघडले तर कारखान्याला कुलूप लागेल.

"तुमचा बिघडलेला नग भंगारात जातो," सर्जन म्हणाला. "आमच्या त्या दहांना औषध देतो आणि जवळजवळ सगळे बरे होतात. सगळ्यांचा हिशेब धरला तर शंभरातले नव्याण्णव जगतात. म्हणून नव्वद जणांना उगाच औषध पाजायचं नाही."

हवं तर केमोचा एक डोस आत्ताच घेता येईल, हेही त्याने सांगितलं. मायक्रॉनने शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, पोहायला शिकलेल्या माणसाला मी टायर बांधत नाही, काठावर उभी राहून लक्ष ठेवते. त्यांनी नजर ठेवायचं ठरवलं.

पहिलं वर्ष जड गेलं. तपासणी जवळ आली की तो घरातली घड्याळंसुद्धा जुळवत बसायचा. खोकला आला तरी पाचावर धारण बसायची. मग एकदा डबा खाताना त्याने पैलवानाला सगळं सांगितलं. पैलवानाने डबा बंद केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि हे हाताने नेमकं तपासायचं कसं, असं कुजबुजत विचारलं. आठवडाभरात कारखान्यातला निम्मा पुरुषवर्ग त्याच्या टेबलाशी एकेकटा येऊन, रोलरबद्दल विचारायचंय असं दाखवत, तेच विचारून गेला. सुदैवाने सगळे पास झाले. आईची तर भीडच चेपली. बागेत कुणी तान्हा मुलगा घेऊन बसलेली दिसली की ती शेजारी जाऊन बसायची, बाळाचं कौतुक करायची आणि हळूच विचारायची, "दोन्ही आहेत ना गं जागेवर?" एकदोघी उठून गेल्या, एकीने मात्र दुसऱ्याच दिवशी मुलाला डॉक्टरकडे नेलं.

तिसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली. साठवून ठेवलेलं काही वापरावं लागलं नाही. पाचव्या वर्षीचा स्कॅनही स्वच्छ निघाला. सर्जनने फाईल मिटली आणि आता वर्षातून एकदा आलात तरी पुरे, असं म्हणाला. मायक्रॉनने सवयीने पुढची तारीख मागितली. सर्जन हसला आणि त्याने ती दिली.

बाहेर पायरीवर बायको मुलीला घेऊन बसली होती. मुलीने एका पायातला बूट काढून त्यात पानं भरली होती. त्याने पानं काढली, बूट घातला, आणि तिने तो लगेच पुन्हा काढला. शेवटी त्याने तो बूट खिशात घातला, मुलीला खांद्यावर घेतलं, आणि तिघं बसथांब्याकडे निघाली.