नको. खिसा नाही.

चार महिने, वीस कपडे, आणि त्या लवर्न पुलास्कीने एक चिंधीसुद्धा ठेवून घेतली नव्हती!

माझं काम ऐकायला सोपं आहे. लोक आमच्या कंपनीचा फॉर्म भरतात, माप आणि आवडनिवड कळवतात. मी इथे डेटनमध्ये, माझ्या स्वयंपाकघरात बसून, स्क्रीनवर त्यांच्यासाठी पाच कपडे निवडते आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी लिहिते. गोदामातून खोकं त्यांच्या दारी जातं. घरी घालून बघायचं, आवडेल ते ठेवायचं, बाकीचं तीन दिवसांत परत. आणि प्रत्येक कपड्याबद्दल काय वाटलं ते लिहायचं.

लवर्न नेब्रास्कातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. कपडे कशासाठी हवेत, या प्रश्नाला तिने जानेवारीतच लिहिलं होतं, ‘मे महिन्यातलं एक जेवण.’ आणि आता मे उजाडला होता.

सोमवारी सकाळी माझी वरिष्ठ मेरेडिथ कॅमेऱ्यावर आली. "रोक्सॅन, याही वेळी पाचच्या पाच परत आले ना, तर तुला ठेवणं माझ्या हातात नाही गं."

"अगं, त्या बाईला काय हवंय ते देवाला तरी कळेल का?"

"तुला कळायला हवं. त्याचाच पगार घेतेस तू."

माझ्या मुलीच्या वयाची कार्टी! पण बोलली ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. अकरा वर्षं हेच काम करतेय मी, आणि मला ते मनापासून आवडतं. मी लवर्नचे वीसच्या वीस अभिप्राय छापून काढले आणि टेबलावर पसरले. माझा नवरा डेनी अंडी खात होता, त्याची ताटली मी कोपऱ्यात ढकलली.

"मोठ्याने वाच," तो म्हणाला. "जेवताना करमणूक तरी होईल."

मी वाचायला लागले. ‘बाह्या बोटांच्या खाली लोंबतात. मी काय सहा फुटी आहे?’ ‘बाह्या कोपरापाशीच संपल्या. माझे हात लांब आहेत हो!’ ‘हा हिरवा रंग आमच्या उकडलेल्या वाटाण्यांचा. दिवसभर तोच ढवळते, आता अंगावर घालू?’ ‘निळा कोट फारच सुंदर. अगदी मापात बसला. परत पाठवते आहे. माफ करा, तुम्हाला उगाच त्रास.’ आणि एक नुसताच, ‘नको.’

"आवडला, बसला, आणि परत?" डेनी हसायला लागला. "आणि हात एकदा लांब, एकदा आखूड. एकाच बाईचे किती हात गं?"

मी ताडकन उठले. "डेनी! अरे, ही एक बाई नाहीच!"

"मग?"

"पाच आहेत! एका फॉर्मवर पाचजणी! एकेक कपडा एकेकीच्या वाट्याला!"

रंगीत पेनं काढली आणि खुणा करत सुटले. आखूड हातांची, लांब हातांची, वाटाण्यावाली, माफी मागणारी. चौघी माझ्यासमोर उभ्या राहिल्या म्हणा ना! अडलं ते पाचवीपाशी. तिचं तीनदा नुसतं ‘नको’. चौथ्या खेपेला, मी वैतागून पाठवलेल्या एका सगळ्यात मोठ्या मापाच्या झग्याबद्दल, ‘नको. खिसा नाही.’

"घट्ट म्हणत नाही, सैल म्हणत नाही," मी म्हणाले. "म्हणजे माप बसलं होतं!"

"आणि चुकलीस तर?"

"तर घरी बसेन आणि दिवसभर तुझं डोकं खाईन."

"म्हणजे आता खात नाहीस?"

खिसेवाला झगा शोधायला मला दोन तास लागले. शेवटी सापडला, डाळिंबी रंगाचा, दोन्ही बाजूंना चांगले खोल खिसे. माफीवालीला तोच निळा कोट पुन्हा. फॉर्मवर माप मध्यम, आणि मी निवडलेली मापं पाच तऱ्हांची, त्यामुळे संगणक दर वेळी विचारत होता, नक्की का? मी दर वेळी हो म्हटलं. चिठ्ठीत एकच ओळ लिहिली, ‘तुम्हा पाचजणींसाठी.’

शनिवारी खोकं पोचलं. रविवारी काही नाही. सोमवारी सकाळी स्क्रीनवर एकेक ओळ उमटायला लागली.

‘बाह्या मनगटाशी थांबल्या! ठेवला.’ ‘बाह्या मनगटापर्यंत पोचल्या! ठेवला.’ ‘वाटाणा नाही, देव पावला. ठेवला.’ मी खुर्चीतून उठून नाचायला लागले. मग माफीवाली आली. ‘कोट ठेवला. तेव्हाही हवा होता. पण आमचं ठरलं होतं, पाचहीजणींना मिळेल तेव्हाच घ्यायचं, एक जरी राहिली तरी सगळ्यांचं परत. माफ करा, आधी सांगायला हवं होतं.’

माझं नाचणं जागच्या जागी थांबलं. पाचवीची जागा रिकामी होती. तिने नको म्हटलं, तर कोटही परत येणार होता, सगळंच येणार होतं. डेनी हातात उलथनं धरून माझ्यामागे उभा राहिला. अंडी करपली, तरी आम्ही दोघं हललो नाही.

मग आलं.

‘खिसे आहेत. दोन्ही. तीस वर्षं एप्रनच्या खिशात हात घालून उभी राहिले, खिसा नसला की हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. शाळेच्या मोठ्या जेवणाला यंदा आम्ही वाढायला नाही, पंगतीला बसायला जाणार आहोत. ठेवला.’